एक ते चार

१

दुपारी एक ते चार आमच्या घरची बेल वाजवायची नाही, हा नियम कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे. दारावर तशी पाटी मात्र नाही. पुण्यात पाटी लावली की हल्ली लोक तिचा फोटो काढायला थांबतात, आणि पाटी छान आहे हे सांगायला बेल वाजवतात.

माझं नाव श्यामसुंदर, वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांतही दुपारचा तास मी शक्यतो घेतला नाही. साडेबाराला जेवण, एक वाजता डाव्या कुशीवर. खोलीत दोन खाटा आहेत. खिडकीकडची माझी आणि भिंतीकडची सुनीतीची, म्हणजे माझ्या बायकोची. डाव्या कुशीवर वळलं की तोंड तिच्या खाटेकडे होतं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या खाटेवरची चादर मी रोज सकाळी ओढून सारखी करतो. रात्रीतून त्या चादरीला काही झालेलं नसतं, तरी करतो.

घरात आम्ही चौघं. मुलगी तनया आणि जावई आमोद, दोघांचीही ऑफिसं खराडीला, म्हणजे दिवसातले तीन तास रस्त्यावरच. आणि नात शाल्मली, सात वर्षांची. तिची शाळा सकाळची. साडेबाराच्या आत बस तिला गेटवर सोडते, ती आपली आपण वर येते, जेवते, आणि मग घरात आम्ही दोघंच. मी झोपलेला, ती जागी.

दुपारी जाग येताना खोलीतले आवाज एकामागून एक येतात. आधी पंखा, मग डक्टमधली कबुतरं, मग लिफ्टमधल्या बाईचं 'कृपया दरवाजा बंद करें'. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ते असेच ओळीनं आले, मी डोळे उघडले, तर समोर शाल्मलीची छोटी निळी खुर्ची. दोन खाटांच्या मधे, माझ्या तोंडासमोर. खुर्चीत कोणी नव्हतं. मुलं खुर्च्या कुठेही ठेवतात. मी ती उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली आणि चहाचं आधण टाकलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा तिथेच होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मात्र तिची पाठ माझ्याकडे होती. ती सुनीतीच्या रिकाम्या खाटेसमोर मांडलेली होती.

२

शाल्मली झोपत नाही. हट्टानं नव्हे, तिला झोप नाहीच.

तनयाला मूल होत नव्हतं तेव्हा बाणेरच्या बाजूला एका खासगी केंद्रात उपचार चालू होते. दोन वर्षांच्या हेलपाट्यांनंतर पाच गर्भ तयार झाले. तेव्हा तिथल्या प्रज्ञेश नावाच्या तरुण डॉक्टरनं केबिनचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, एका परदेशी कंपनीचा अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का? जगात काही माणसं जन्मतःच अशी असतात की चार तास झोपून दिवसभर ताजीतवानी राहतात. त्यांच्या जनुकांत जो बारीकसा बदल असतो, तोच या गर्भांत करायचा. कागदावर मात्र दुसरंच काहीतरी लिहायचं.

तनया घाबरली. आमोदनं इंटरनेटवर सापडेल तेवढं वाचलं आणि तोही घाबरला. मग दोघं माझ्यासमोर येऊन बसले. 'बाबा, तुमचा विषय आहे. तुम्ही सांगाल ते आम्ही करू.'

सुनीतीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती एप्रिलमधल्या एका दुपारी गेली, माझ्यापासून चार फुटांवर, आणि मी शेजारच्या खाटेवर गाढ झोपलो होतो. सगळ्यांना मी असंच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, 'अहो, झोपेत ऐकू येत नाही. तुमचा काय दोष?' तनया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि तीही हेच म्हणाली.

तर माझा विषय. मी त्या दोघांना पाऊण तासाचं व्याख्यान दिलं. उत्क्रांतीवर बोलायला लागलो की मला थांबवणं अवघड, असं कॉलेजातही म्हणायचे. प्राणी पाण्यातून जमिनीवर आला, माणूस चारावरून दोन पायांवर आला, शेपूट गेली, अंगावरचे केस गेले. झोप तेवढी राहून गेली. आयुष्याचा तिसरा हिस्सा माणूस ओंडक्यासारखा पडून काढतो. निसर्गाला ही दुरुस्ती करायला सवड झाली नाही, ती आता आपल्याला झाली आहे. आणि शेवटी आवाज जड करून मी म्हणालो, 'ही झोप नसती, तर आज तुझी आई इथे बसलेली असती.'

तनयानं त्याच आठवड्यात सही केली.

शाल्मली पहिल्या वर्षी चार तास झोपायची, तिसऱ्या वर्षी दोन. पाचव्या वाढदिवसानंतर तिला झोपलेलं कोणी पाहिलेलं नाही. केंद्राचे अहवाल उत्तम. वजन, उंची, बुद्धी, सगळं चोख. रात्रभर ती आपल्या खोलीत वाचते, चित्रं काढते, कोणाला त्रास देत नाही. ऐकलेलं काही विसरत नाही. अशी एकूण बावीस मुलं आहेत आणि त्यांच्या आईवडिलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे सगळे एकमेकांच्या मुलांचं कौतुक करतात. एकमेकांच्या घरी मात्र कोणी जात नाही.

३

मार्चच्या शेवटी गोदाबाईंनी जेवणात कैरीच्या फोडी वाढल्या. गोदाबाई आमच्याकडे आठ वर्षं स्वयंपाक करतात. शाल्मलीनं एक फोड उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, 'ही लोणच्याची कैरी नाही. हिला कोय धरलेली नाही.'

मी भात कालवत होतो. 'वा! हे कोणी शिकवलं?'

'एवढं शिकलेले तुम्ही,' ती म्हणाली, 'पण मंडईत तुम्हाला कोणीही फसवावं.'

त्या 'एवढं'वर जोर होता. सुनीती तो शब्द असाच ओढून म्हणायची, आणि हे अख्खं वाक्य तिचं होतं. ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी सकाळी मी उन्हात मंडईत जाऊन, बसमध्ये उभ्यानं तीन किलो कैऱ्या आणल्या होत्या. तिनं पिशवीत हात घालून एक दाबून पाहिली आणि हेच बोलली. त्यानंतर आम्ही जेवताना एकमेकांशी बोललो नाही. हे भांडण मी कोणाला सांगितलं नव्हतं. तनया तेव्हा ऑफिसात होती. सांगण्यासारखं त्यात होतंही काय? बायको गेल्यावर माणूस कैऱ्यांच्या गोष्टी सांगत नाही.

'तुला कोणी सांगितलं हे?'

'तुम्हीच की.'

'केव्हा?'

'दुपारी. झोपल्यावर.' तिनं ती फोड खाल्ली आणि आंबटानं एक डोळा मिटला.

दुपारभर मी विचार केला. म्हणजे मी झोपेत बोलतो. यात नवल काय? पुष्कळ लोक बोलतात. मी झोपेत तास घेतो, हजेरीसुद्धा घेतो, अशी सुनीतीची तक्रार असायची. पोर जागी, घरात दुसरं कोणी नाही, ती बसून ऐकते. खुर्चीचा उलगडा झाला, कैऱ्यांचा झाला. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

फक्त त्या दुपारी मला झोप लागली नाही.

४

गोदाबाई पूर्वी आमच्याकडेच थोडं टेकायच्या. ओटा आवरला की स्वयंपाकघरात फरशीवर पदर अंथरून आडव्या व्हायच्या आणि ऊन उतरलं की निघायच्या. दीड महिना झाला, त्या एकच्या ठोक्याला चपला घालत होत्या. मी हे पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. आता विचारलं.

'गोदाबाई, भर उन्हात कुठे निघता? टेका जरा.'

'ऊन परवडलं, काका.'

'म्हणजे काय?'

त्यांनी चपलेतला पाय बाहेर काढला. त्या दिवशी बसला उशीर झाला होता, शाल्मली अजून आली नव्हती, तरी त्यांनी जिन्याकडे बघून घेतलं. 'तुमची नात गुणाची हाय. मी तिला नावं ठेवत न्हाई. पर निजल्याल्या मानसाला काय इचारू नये. माझा हितं डोळा लागला हुता. जाग आली तर ही उशाशी बसल्याली. मला म्हनती, गोदाबाई, रतनमामा विहिरीत पडले तेव्हा दोर कोणाच्या हातात होता?'

'रतन कोण?'

'भाऊ माझा. धाकटा. चाळीस वर्सं झाली.' त्या फडक्याला पीळ घालत राहिल्या. फडकं कोरडं होतं. 'दोराचं मी कुनाला सांगितल्यालं न्हाई. आईला न्हाई, नवऱ्याला न्हाई.'

'तुम्ही झोपेत बोलला असाल. माणूस बोलतं. त्याला शास्त्रीय—'

'असंल,' गोदाबाई म्हणाल्या. 'ते मी बोलले असंल. पर म्होरं ती काय म्हनली ते ऐका. म्हनली, रडू नका, रतनमामा तुमच्यावर रागावलेले नाहीत. आता मला सांगा, हे तिला कुनी सांगितलं?'

एकतीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. खाली गेटपाशी स्कूलबसचा हॉर्न वाजला आणि गोदाबाई लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरून गेल्या.

५

मी मास्तर माणूस. शंका आली की प्रयोग करायचा. दुसऱ्या दिवशी मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, फोन उशीखाली सरकवला आणि नेहमीसारखा झोपलो. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली. झोपेला लाज नसते.

संध्याकाळी शाल्मली खाली खेळायला गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून ते ऐकलं. घर माझं, फोन माझा, आवाज माझा, तरी कडी लावली.

पहिला पाऊण तास नुसतं घोरणं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग शाल्मली, हळू, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करताना बोलावं तशी.

'आबा, मग काय झालं?'

आणि मी बोललो. माझाच आवाज, पण त्यातला मास्तर काढून घेतलेला. 'जेवलो. पडलो.'

'आजीनं हाक मारली का?'

'मारली.'

'किती वेळा?'

'तीन.'

'तुम्ही कुठे होता?'

'इथेच.'

'झोपला होता?'

यावर बराच वेळ फक्त पंखा ऐकू येत होता. डक्टमध्ये एक कबुतर पंख झाडत होतं. मग माझा आवाज म्हणाला, 'नाही.'

आता एकदा लिहून टाकतो. मी झोपलेलो नव्हतो. मी रुसलो होतो. सुनीतीनं 'अहो' म्हटलं, तेव्हा मला वाटलं, आता ही कैऱ्यांचं काहीतरी बोलणार. मी डोळे मिटून श्वास लांबवला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, 'अहो, ऐकता का?' मी म्हटलं, ऐकू दे हिलाच जरा शांतता. तिसऱ्या हाकेत नुसतंच 'अहो' होतं, तेही अर्धं. त्यानंतर मला खरोखरच झोप लागली, आणि चार वाजता मी उठून दोन कप चहा टाकला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट इतकीच आहे. तिचं ओझं मी झोपेवर टाकलं, ते खोटं टिकवायला झोपेविरुद्ध व्याख्यान दिलं, आणि त्या व्याख्यानापायी एका मुलीची झोप जन्माआधीच काढून घेतली.

रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं. खुर्ची पुन्हा सरकली. ती वळवल्याचा आवाज होता. शाल्मलीनं विचारलं, 'आजी, तुला हे माहीत होतं?'

मग शांतता. नुसती गप्प बसल्याची नव्हे. कोणी बोलत असताना ऐकणारा जेवढा थांबतो, तेवढी. तीत दोनदा शाल्मली 'हं' म्हणाली. आणि मग ती हसली.

मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

६

शनिवारी मी तिला विचारलं. ती बाल्कनीत चित्र काढत बसली होती.

'शाल्मली, मी झोपल्यावर तू तिथे का बसतेस?'

'कंटाळा येतो म्हणून.' मग तिनं खडू खाली ठेवला. 'तुम्ही सगळे रोज तिकडे जाता. आई जाते, बाबा जातो, गोदाबाई जातात. मला येता येत नाही. म्हणून मी दारात बसते.'

'कसलं दार?'

माझ्यासारख्या हुशार माणसाला एवढंही कळू नये, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. 'तुम्ही झोपलात की उघडतं ते. तुम्ही आत जाता, आणि आतले लोक दारापर्यंत येतात. तुम्हाला उठल्यावर आठवत नाही. मला सगळं आठवतं.' थोडं थांबून तिनं विचारलं, 'आबा, झोप कशी असते?'

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, सुनीती लावायची तोच. मी एवढंच म्हणालो की माझं चुकलं, बाळा. तिला ते कशाबद्दल आहे हे विचारावंसं वाटलं नाही.

रविवारी तनया माझ्या खोलीत आली. दार लोटून सुनीतीच्या खाटेवर बसणार होती, पण माझ्याच खाटेच्या कडेला टेकली.

'बाबा, आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करतोय. त्या पाचांतले दोन गर्भ अजून तिथे गोठवून ठेवलेत. तेच, बदल केलेले. मंगळवारी अडीच वाजता सही करायची आहे.'

'मग करा की,' असं माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं शहाणपणा केल्यावर जीभ सवयीनं चालते.

तिनं फोन पुढे केला. 'परवा ग्रुपवर एका बाईनं विचारलं होतं, तुमची मुलं झोपलेल्या माणसांशी बोलतात का? पाच मिनिटांत तिनं मेसेज काढून टाकला. पण तोवर एकोणीस जणांनी वाचला होता, बाबा. आणि एकानंही 'नाही' लिहिलं नाही.' ती माझ्याकडे बघत राहिली. 'दुपारी तुम्ही असता तिच्याबरोबर. काही वेगळं जाणवतं का तुम्हाला?'

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शाल्मली काय करते हे सांगायचं, तर ती काय विचारते हे सांगावं लागलं असतं, आणि ती काय विचारते हे सांगितलं, की उत्तरही सांगावं लागलं असतं. समोर सुनीतीचे डोळे घेऊन माझी मुलगी बसली होती. मी चष्मा पुसला.

'बघू,' मी म्हणालो. 'विचार करतो.'

'पहिल्या वेळी तुमच्यामुळेच धीर आला होता,' ती उठत म्हणाली. 'मंगळवारी सही करायच्या आधी मी तुम्हाला फोन करीन. तुमची झोपायची वेळ आहे, माहितेय. एक दिवस उठा. नाहीच उचललात, तर तुमची काही हरकत नाही असं समजेन.'

७

मंगळवारपर्यंत माझा निश्चय झाला होता. दोन वाक्यं मी पाठ केली होती. 'तनया, सही करू नकोस. आई गेली तेव्हा मी जागा होतो.' पुढचं ती विचारील तसं. आधी मी दिवाणखान्यातच बसणार होतो, पण शाल्मली जेवून आली आणि म्हणाली, 'आबा, आज झोपायचं नाही? आजी वाट बघत असेल.' तिचं तोंड इतकं पडलं, की मी उठलो. म्हटलं, पडून राहू. जागाच तर राहायचं आहे. फोन मी उशीशेजारी ठेवला, आवाज मोठा करून.

एक वाजता डावी कूस. श्वास लांब, तोंड किंचित उघडं. झोपेचं सोंग मला नवीन नव्हतं.

सव्वादोनच्या सुमाराला पावलं आली. खुर्ची ठेवली गेली. ती माझ्या पापण्या बघत असणार. मी बुबुळं हलू दिली नाहीत. मग खुर्ची वळली.

'आजी,' शाल्मली म्हणाली, 'ये.'

मी पापण्या केसभर उघडल्या. तिची पाठ दिसली, दोन वेण्या, शाळेच्या लाल रिबिनी. तिच्यापलीकडे सुनीतीची खाट. सकाळी मी ओढून सारखी केलेली चादर कडेला दबलेली होती. उठण्याआधी माणूस क्षणभर खाटेच्या काठावर बसतो, तेव्हा दबते तशी. शाल्मलीनं हात पुढे केला होता आणि तिची बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती.

मी डोळे घट्ट मिटले. पोरगीच आधी तिथे बसली असेल. पडद्याची सावली असेल. दोन्ही उत्तरं चांगली होती.

तेवढ्यात फोन वाजला.

कानापासून वीतभर अंतरावर, उशी थरथरवत. अडीच वाजले होते. हात उचलून एक बोट फिरवायचं, एवढंच काम. फोनवर बोलायला डोळे उघडावे लागत नाहीत, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं की मी जरा जरी हललो तरी ते उघडतील, आणि समोर जे असेल ते मला बघावं लागेल. दोन घंट्यांच्या मधल्या जागेत ऐकू आलं, 'अहो.'

आवाज कुठून आला, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. माझे दात एकमेकांवर दाबलेले होते, एवढं नक्की. तो शाल्मलीचा नव्हता. 'अहो'मधला 'हो' खाली सोडायची ती लकब मी चाळीस वर्षं ऐकली आहे.

फोन वाजून वाजून थांबला. लगेच पुन्हा वाजू लागला. माझी दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ होती.

'अहो, ऐकता का?'

यावेळी आवाज जवळून आला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला उठता आलं असतं, असं अजून वाटतं. फोन थांबला. मग तिसऱ्यांदा वाजला, दोनच घंट्या, आणि तनयानं तो मधेच बंद केला. तिसरी हाक अर्धीच होती.

मग काही नाही. पंखा. डक्टमधली कबुतरं. लिफ्टमधली बाई म्हणाली, कृपया दरवाजा बंद करें. बाणेरला माझ्या मुलीनं पेनाचं टोपण काढलं असेल. मी लांब श्वास घेत पडून राहिलो.

खुर्ची सरकली. शाल्मली उठून माझ्या उशाशी आली आणि वाकली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. ती बराच वेळ माझ्या पापण्यांकडे बघत राहिली. मग मागे वळून, एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून सांगावं तसं, हलक्या आवाजात ती म्हणाली,

'जागे आहेत, आजी. पण उठत नाहीयेत.'